गाडीची बॅटरी अर्धपोटी ठेवू नका

आधी एक छोटा हिशोब करू. मध्यम आकाराच्या पेट्रोल मोटारीचा स्टार्टर इंजिन फिरवताना साधारण २०० अँपिअर करंट ओढतो. आकडा मोठा आहे, पण इंजिन चालू व्हायला दोन-तीन सेकंदच लागतात. तीन सेकंद धरले तर ६०० अँपिअर-सेकंद झाले. त्याला ३६०० ने भागलं की ०.१७ अँपिअर-तास येतात. बॅटरीवर ‘४५ एएच’, म्हणजे ४५ अँपिअर-तास, छापलेलं असेल, तर तिच्या साठ्यातला अर्धा टक्कासुद्धा एका स्टार्टला खर्च झाला नाही. दिवसातून दहा वेळा सेल्फ मारला तरी चार टक्क्यांच्या आत काम होतं.

मग गाडी रोज वापरात असूनही बॅटरी दीड-दोन वर्षांत का बसते? कारण खर्च झालेली वीज पुरती परत भरली जात नाही. रोज थोडी तूट राहते, ती साचत जाते आणि बॅटरी महिनोन्‌महिने अर्धपोटी दिवस काढते. गाडी सुरू होत असते, म्हणून कुणाला शंका येत नाही. लेड-ॲसिड बॅटरीला गाडी सुरू करण्याची मेहनत फारशी बाधत नाही, पण अर्धवट भरलेल्या अवस्थेत पडून राहणं तिला आतून खातं. हे एवढं एक जरी नीट समजलं, तरी बाकीची सगळी काळजी आपोआप कळत जाते.

आत काय चालतं

१२ व्होल्टची बॅटरी म्हणजे एकामागे एक जोडलेले सहा सेल. प्रत्येक सेल २.१ व्होल्टच्या आसपास देतो, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी प्रत्यक्षात १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. सेलमध्ये दोन प्रकारच्या प्लेट आलटून पालटून बसवलेल्या असतात. निगेटिव्ह प्लेटवर स्पंजासारखं सच्छिद्र शिसं असतं आणि पॉझिटिव्ह प्लेटवर गडद तपकिरी लेड डायऑक्साइड. या सगळ्या प्लेट पातळ केलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडालेल्या असतात. गॅस्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ही बॅटरी तयार केली. प्लेटची घडण पुढे पुष्कळ सुधारली, मूळ रसायन मात्र आजही तेच आहे.

बॅटरीतून वीज काढली की दोन्ही प्रकारच्या प्लेटवर लेड सल्फेट तयार होतं. त्यासाठी लागणारं सल्फेट येतं ॲसिडमधून. म्हणजे बॅटरी उतरत जाते तसं ॲसिड प्लेटमध्ये शिरत जातं आणि बाहेरचा द्रव पाण्याकडे झुकतो. चार्ज केलं की हीच क्रिया उलटी फिरते: सल्फेट प्लेटमधून सुटून द्रवात परत येतं आणि ॲसिड पुन्हा दाट होतं.

ही दाटी डोळ्यांनी पाहता येते. ज्या बॅटरीची झाकणं उघडतात तिच्यासाठी हायड्रोमीटर मिळतो. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत एक छोटा तरंगक. फुगा दाबून नळीचं टोक सेलमध्ये बुडवायचं, फुगा हलकेच सोडायचा, की द्रव वर चढतो आणि तरंगक उचलला जातो. भरलेल्या सेलमध्ये तो उंच तरंगतो आणि १.२६५ ते १.२८० च्या रेघेशी थांबतो (द्रव पाण्याच्या किती पट जड आहे, ते हा आकडा सांगतो). अर्ध्या उतरलेल्या सेलमध्ये १.१९० च्या आसपास, आणि पुरत्या उतरलेल्या सेलमध्ये १.१२० पर्यंत खाली बसतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पाच सेलमध्ये तरंगक जवळजवळ एकाच उंचीवर थांबला आणि सहाव्यात नळीच्या तळाशी जाऊन टेकला. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या त्या बॅटरीतला एक सेल गेला होता. व्होल्टमीटर सहा सेलची बेरीज सांगतो, हायड्रोमीटर एकेका सेलची खबर देतो. म्हणून झाकणं उघडत असतील तर हायड्रोमीटरवर माझा जास्त भरवसा आहे. मात्र ॲसिडशी काम असल्यामुळे चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडू नये.

आता मुख्य गोष्ट. डिस्चार्ज होताना तयार झालेलं लेड सल्फेट सुरुवातीला अगदी बारीक, मऊ कणांच्या रूपात असतं. लगेच चार्ज केलं तर ते सहज विरघळून परत जातं. पण तसंच राहू दिलं तर बारीक कण विरघळतात आणि त्यांचा माल शेजारच्या मोठ्या कणांवर जाऊन बसतो. लहान कण नाहीसे होतात, मोठे आणखी मोठे होतात. दिवसाची ऊब आणि रात्रीचा गारवा या कामाला हातभारच लावतात. काही आठवड्यांत प्लेटवर टणक पांढरट थर धरतो. पायाला लागलेला ओला चिखल लगेच धुतला तर पाण्याने निघतो, वाळल्यावर खरवडावा लागतो, तसंच हे आहे. या थराला सल्फेशन म्हणतात. थराखालचं शिसं वापरातून बाद होतं, म्हणून ४५ अँपिअर-तासांची बॅटरी हळूहळू ३० ची, मग २० ची होत जाते. तिला चार्जर लावला तर ती ‘भरली’ असंही दाखवते, आणि ते खोटं नसतं. भरायला जागाच तेवढी उरलेली असते.

अर्धवट भरलेल्या बॅटरीला आणखी एक त्रास होतो. दाट ॲसिड जड असल्यामुळे तळाला बसतं आणि पातळ द्रव वर राहतो. मग प्लेटचा खालचा भाग तीव्र ॲसिडमध्ये झिजतो, तिथेच सल्फेटही जास्त साचतं, आणि वरचा भाग नुसता उपाशी राहतो. पूर्ण चार्ज होताना शेवटी शेवटी जे बुडबुडे उठतात, ते हा द्रव ढवळून एकसारखा करतात. बॅटरी कधीच पूर्ण भरली नाही, तर हे ढवळणंही कधी होत नाही.

शेवटचे वीस टक्के

‘गाडी रोज चालते, मग बॅटरी चार्ज होतच असणार’ हा समज मी इतक्या लोकांकडून ऐकला आहे, आणि अनेक वर्षं तो माझाही होता. माझी गाडी तेव्हा रोज फिरत होती, पण एका वेळी तीन-चार किलोमीटरच. पहिली बॅटरी दोन वर्षं व्हायच्या आत बसली. मेकॅनिक म्हणाला, माल खराब निघाला. दुसरी घेतली. तीही वर्षभरात सकाळी कण्हायला लागली, तेव्हा मी तिला पहाटे मीटर लावला. १२.२ व्होल्ट. म्हणजे निम्मी रिकामी. रात्रभरात ती उतरली नव्हती. ती कधी वर चढतच नव्हती.

असं का होतं, ते चार्जिंगच्या वेगात दडलेलं आहे. रिकामं सभागृह भरतं कसं ते आठवा. सुरुवातीला येणारे लोक समोर दिसेल त्या खुर्चीवर बसतात, झपाट्याने जागा भरतात. शेवटी येणाऱ्यांना ओळींमधून वाट काढत, मधली एखादी मोकळी खुर्ची शोधत जावं लागतं. बॅटरीतही सुरुवातीचं सल्फेट प्लेटच्या पृष्ठभागाजवळ, हाताशी असतं. उरलेलं आतल्या छिद्रांमध्ये खोल बसलेलं असतं, तिथपर्यंत क्रिया पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की ती घेत असलेला करंट घसरत जातो. निम्म्या रिकाम्या बॅटरीला ८० टक्क्यांपर्यंत न्यायला गाडीच्या अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला, तास-दीड तास पुरू शकतो, पण त्यापुढचे वीस टक्के भरायला आणखी कित्येक तास लागतात.

अल्टरनेटर ९० अँपिअरचा आहे म्हणून बॅटरीत ९० अँपिअर जातात, असंही नाही. तो १४ व्होल्टच्या आसपास दाब, म्हणजे व्होल्टेज, धरून ठेवतो. त्या दाबाला किती करंट घ्यायचा हे बॅटरी ठरवते. शिवाय दिवे, वायपर, एसीचा पंखा, मागच्या काचेचा हीटर हे सगळे त्यातला आपापला वाटा आधी घेतात. पंधरा मिनिटांच्या फेरीत बॅटरीच्या वाट्याला जे येतं, ते शेवटच्या वीस टक्क्यांपर्यंत पोहोचतच नाही. आठवड्यातून एकदा तासाभराची सलग फेरी मारली तर परिस्थिती सुधारते, हे खरं. पण पुरतं भरायचं काम शांतपणे, रात्रभर, चार्जरच करतो.

जागेवर उभी गाडी दहा मिनिटं चालू ठेवण्याची सवय अनेकांना असते. हेतू चांगला असतो, पण बॅटरीचा त्यात जवळजवळ काहीच फायदा नाही. इंजिन संथ फिरत असताना अल्टरनेटर कमी वीज बनवतो, आणि इंजिन नीट तापतही नाही.

मीटर काय सांगतो

साधा डिजिटल मल्टिमीटर प्रत्येक वाहनधारकाकडे असावा असं मला मनापासून वाटतं. मात्र मोजण्याची वेळ महत्त्वाची. नुकत्याच चालवून आणलेल्या किंवा चार्जरवरून काढलेल्या बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो. तिचा आकडा फुगलेला येतो. गाडी किमान पाच-सहा तास उभी राहू द्या. रात्रभर राहिली तर उत्तम. सकाळी बॉनेट उघडून, दारं-दिवे बंद ठेवून, मीटरची टोकं थेट बॅटरीच्या खांबांना लावा.

साध्या, द्रव ॲसिडच्या बॅटरीसाठी १२.६ किंवा अधिक म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे पाव. ११.९ च्या खाली गेली की ती रिकामीच समजा. पुन्हा एकदा वाचा: भरलेली आणि रिकामी यांत जेमतेम पाऊण व्होल्टचा फरक आहे. ‘बारा व्होल्ट दाखवते ना, मग ठीक आहे’ असं म्हणत असंख्य बॅटऱ्या सल्फेशनच्या तोंडी दिल्या जातात. बारा व्होल्टची बॅटरी बारा व्होल्ट दाखवत असेल, तर ती आजारी पडण्याच्या मार्गावर आहे. १२.४ दिसले की चार्जरला लावायची, हा माझा नियम आहे.

दोन मोजण्या आणखी. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून मीटरकडे पाहा: इंजिन फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल, आणि बॅटरी आधी पूर्ण चार्ज केलेली असेल, तर तिची ताकद सरली आहे. मग इंजिन चालू असताना पाहा: साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. सतत १३.५ च्या खाली असेल तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा वायरिंग तपासायला हवं. १५ च्या वर स्थिर असेल तर अल्टरनेटरचा दाब आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी उकळते आहे. मात्र अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरवर संगणकाचं नियंत्रण असतं. इंधन वाचवण्यासाठी तो मध्येच दाब उतरवतो आणि ब्रेक लावताना चढवतो. अशा गाडीत एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका, थोडा वेळ चालवून चढउतार पाहा. या गाड्यांत बॅटरी मुद्दाम शंभर टक्क्यांच्या जरा खाली ठेवतात, म्हणजे ब्रेकमधून मिळणारी वीज साठवायला जागा राहते. त्यासाठी त्यांच्या बॅटऱ्याही वेगळ्या, जास्त सोशिक घडणीच्या असतात. त्या जागी साधी बॅटरी बसवली तर ती लवकर जाते.

बॅटरीच्या झाकणावरचा छोटा ‘डोळा’ हिरवा दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. तोही एक हायड्रोमीटरच आहे, पण सहापैकी एकाच सेलचा. उरलेल्या पाचांबद्दल तो काहीच सांगत नाही.

चार्जर लावताना

चार्जरचा करंट किती असावा? जुना अंदाज आजही चालतो: अँपिअर-तासांच्या आकड्याचा दहावा हिस्सा. ४५ ची बॅटरी असेल तर साडेचार अँपिअर. याहून कमी चालेल, वेळ जास्त लागेल एवढंच. घाईने फार मोठा करंट ढकलला तर बॅटरी तापते आणि प्लेट खराब होतात.

चार्जर घ्यायचा तर टप्प्याटप्प्याने चालणारा, स्वयंचलित घ्या. आधी तो ठरलेला करंट देत राहतो आणि बॅटरीचा व्होल्टेज वर चढत जातो. १४.४ च्या आसपास पोहोचल्यावर तो दाब तिथेच धरतो आणि करंट आपोआप कमी होत जातो. हाच तो शेवटच्या वीस टक्क्यांचा संथ टप्पा. करंट अगदी थोडा उरला की दाब १३.५ ते १३.८ वर आणून तो नुसती राखण करत बसतो. जुन्या साध्या चार्जरला यातलं काही कळत नाही, तो ढकलतच राहतो. तो लावून विसरून गेलात तर पाणी आटतं आणि पॉझिटिव्ह प्लेटची जाळी झिजते.

वेळेचा हिशोब असा. ४५ ची बॅटरी निम्मी उतरली असेल तर सुमारे २२ अँपिअर-तास परत घालायचे. थोडी वीज उष्णतेत आणि बुडबुड्यांत जाते, म्हणून २५ धरा. साडेचार अँपिअरने पहिला मोठा हप्ता चार-पाच तासांत जातो, आणि मग शेपूट. एकूण आठ-दहा तास, म्हणजे एक रात्र. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर शेवटच्या टप्प्यात कान जवळ नेल्याशिवायही बारीक सळसळ ऐकू येते. सगळ्या सेलमध्ये सारखे बुडबुडे, आणि तासातासाने घेतलेल्या तीन मोजण्यांत हायड्रोमीटर हलत नाही, असं झालं की ती भरली.

ते बुडबुडे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे असतात. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हे भीती घालायला सांगत नाही. स्फोटात फुटलेल्या बॅटरीचं ॲसिड थेट तोंडावर येतं, म्हणून सांगतो. खिडकी-दार उघडं ठेवा, जवळ सिगारेट-काडी नको. आधी क्लॅम्प लावायचे आणि मग चार्जरचं बटण चालू करायचं. काढताना आधी बटण बंद करायचं. म्हणजे ठिणगी बॅटरीपाशी उडत नाही. निगेटिव्ह खांबावर सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत चार्जरचा काळा क्लॅम्प खांबाऐवजी बॉडीच्या ठरवून दिलेल्या जागी लावतात, नाहीतर किती वीज आत गेली याचा गाडीच्या संगणकाला पत्ताच लागत नाही.

बंद प्रकारच्या बॅटऱ्यांत दोन जाती आहेत. एजीएममध्ये ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं असतं आणि जेलमध्ये ते घट्ट केलेलं असतं. भरलेली एजीएम १२.८ च्या पुढेमागे दाखवते. जेलला जास्त दाब सोसत नाही, १४.१-१४.२ च्या वर नेऊ नका. चार्जरवर त्यांचं वेगळं बटण असेल तर तेच वापरा, आणि या दोन्हींची झाकणं उचकटून पाणी घालण्याचा प्रयत्न करू नका.

उभी गाडी

बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर आणि संगणकाची स्मृती जागी असते. धडधाकट गाडीत हा ओढा २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ५० धरा: दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. ४५ ची बॅटरी महिन्याभरात ८० टक्के रिकामी! २५ असेल तरी ४० टक्के गेलेच. त्यावर बॅटरीचं स्वतःचं आतल्या आत उतरणं वेगळं, आणि ते उष्णतेत वाढतं. दुचाकीची बॅटरी तर बहुधा चार-पाच अँपिअर-तासांचीच असते. तिच्यावर बाहेरून बसवलेला अलार्म १० मिलिअँपिअर खात असेल तर तीन आठवड्यांत ती तळाला पोहोचते.

म्हणून पंधरवड्याहून जास्त दिवस गाडी उभी राहणार असेल, तर सर्वांत चांगला उपाय म्हणजे राखण करणारा लहान स्वयंचलित चार्जर कायम लावून ठेवणं. विजेची सोय नसेल तर निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवा. त्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. या पायरीकडेच बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, आणि अर्धी भरलेली बॅटरी सोडून ठेवली तर सल्फेशन आपलं काम सुरूच ठेवतं. टर्मिनल सोडल्यावर घड्याळ-रेडिओ पुन्हा लावावा लागेल आणि काही गाड्यांत सेंट्रल लॉक चालणार नाही, तेव्हा चावी आणि डिकीचा विचार आधीच करून ठेवा.

बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायच्या असतील तर निगेटिव्ह आधी. का? गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो आणि पाना लालभडक होईपर्यंत करंट वाहतो. निगेटिव्ह आधी सोडलं की हा मार्गच तुटतो. जोडताना त्याच कारणाने निगेटिव्ह शेवटी. इंजिन चालू असताना मात्र बॅटरीची वायर कधीच काढायची नाही. अल्टरनेटरचा दाब क्षणात उसळतो आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात.

जमिनीवर, सिमेंटच्या फरशीवर ठेवलेली बॅटरी आपोआप उतरते, असं अजूनही सांगितलं जातं. आजच्या प्लास्टिकच्या पेटीतून फरशीत काहीही वीज जात नाही. महिनाभर तशी ठेवलेली बॅटरी उतरते, कारण ती महिनाभर चार्ज झालेली नसते.

पाणी, ऊन आणि पांढरी भुकटी

झाकणं उघडणाऱ्या बॅटरीत प्लेट सदैव बुडालेल्या हव्यात. उघड्या पडलेल्या भागाचं कायमचं नुकसान होतं. पातळी खाली गेली तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटवर बसतात. ॲसिड घालू नका: आटतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. शक्यतो चार्ज झाल्यावर पाणी घाला, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधी काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर सांडतं. प्लेटच उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडेपर्यंत थोडं आधी घालून मग चार्ज करा. एकाच सेलचं पाणी वारंवार आटत असेल तर तो सेल जाण्याच्या बेतात आहे. सगळ्यांचंच आटत असेल तर चार्जिंगचा व्होल्टेज मोजा.

थंडीत गाडी सुरू होत नाही, म्हणून लोक थंडीला दोष देतात. प्रत्यक्षात बॅटरीचं आयुष्य खाते ती उष्णता. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की आतली झीज दुपटीच्या जवळ जाते. थंडी फक्त ते झालेलं नुकसान उघडं पाडते, कारण गारठ्यात रसायन मंदावतं आणि इंजिनातलं तेल घट्ट होतं. उष्ण दिवसांत चार्जिंगचा दाबही थोडा कमी लागतो. २५ अंशांना १४.४ योग्य असेल तर ४० अंशांना १४.१ च्या आसपास पुरतो. चांगला चार्जर तापमान पाहून हे स्वतः करतो. बॅटरीभोवती कंपनीने बसवलेलं उष्णतारोधक आवरण असेल तर बॅटरी बदलताना ते फेकून देऊ नका. आणि बर्फ पडणाऱ्या थंडीत बॅटरी भरलेली ठेवण्याला दुहेरी कारण आहे: पूर्ण भरलेल्या बॅटरीचं ॲसिड शून्याखाली साठ अंशांच्या आसपास गोठतं, उतरलेल्या बॅटरीचं मात्र शून्याखाली सात-आठ अंशांवरही गोठू शकतं आणि पेटी फुटते. गोठलेली बॅटरी कधीही चार्जरला लावू नका.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी दिसली की साफ करा. ती नुसती घाण नसते, करंटच्या वाटेतला अडथळा असते. अल्टरनेटर १४.२ देत असला आणि क्लॅम्पपाशीच ०.३ व्होल्ट अडकत असले, तर बॅटरीला मिळतात १३.९. गाडी चालते, दिवे लागतात, बॅटरी मात्र रोज थोडी उपाशी राहते. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासलं की भुकटी फसफसून सुटते. सोड्याचं पाणी सेलच्या आत जाऊ देऊ नका. कोरडं पुसा, क्लॅम्प घट्ट करा, वर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा.

एकदा पूर्ण उतरली तर

दिवा चालू राहिला आणि बॅटरी तळाला गेली, तर तास मोजायला लागा. गाडीच्या बॅटरीच्या प्लेट पातळ आणि संख्येने भरपूर असतात, कारण तिला क्षणभर मोठा करंट द्यायचा असतो. १९१२ साली कॅडिलॅकने विजेवर चालणारा स्टार्टर गाडीत दिला आणि हँडल मारणं मागे पडत गेलं. तेव्हापासून गाडीच्या बॅटरीचं मुख्य काम हेच झालं. पुरतं रिकामं होणं या पातळ प्लेटना सोसत नाही. अशा काही खेपा झाल्या की क्षमता जाणवण्याइतकी घटते.

दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायचा असेल तर लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती बॅटरीजवळ नको म्हणून. गाडी सुरू झाली की सुटका झाली असं वाटतं, पण बॅटरी अजून जवळजवळ रिकामीच असते. तिला भरायचं काम अल्टरनेटरवर सोडलं तर तो तासन्‌तास पूर्ण जोर लावून तापतो, आणि बॅटरी तरीही अपुरीच राहते. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, चार्जरला लावा. पूर्ण भरली की काढा, रात्रभर ठेवा, सकाळी मोजा. १२.६ वर टिकली असेल तर वाचली. चार्जरवरून काढल्यावर १२.३ वर घसरली असेल तर एक पूर्ण चार्ज आणखी द्या, कोवळं सल्फेशन संथ चार्जिंगने काही अंशी परतवता येतं. १०.५ च्या आसपासच अडून राहिली असेल तर एक सेल शॉर्ट झाला आहे, आणि तिथे कुठल्याच चार्जरचा इलाज चालत नाही.

मग नवी घ्यावी लागते. ती घेताना दोन गोष्टी करा. पेटीवरची तयार झाल्याची तारीख किंवा सांकेतिक क्रमांक वाचून घ्या. दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने बसलेली बॅटरी तिथेच उतरत असते. आणि मीटर सोबत न्या. १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा. १२.५ असेल तर घ्या, पण गाडीत बसवण्याआधी एक रात्र चार्जरला लावा. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, दुकानदाराला किंवा अधिकृत पुनर्वापर केंद्राला परत द्या. आतलं शिसं विषारी आहे, आणि ते वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत वापरता येतं. मेकॅनिकने खराब माल म्हटलेली माझी पहिली बॅटरी मी अशीच देऊन टाकली. दुसरीला पंधरवड्यातून एकदा रात्रभर चार्जर लावायला लागलो, आणि ती पुढे पाच वर्षं त्याच छोट्या फेऱ्यांवर चालली.